आईच्या मुठीचं माप

सोलापुरात शाळेच्या गणवेशाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि एप्रिल-मे महिन्यांत उतू जातं. कापणारे, शिवणारे, काज-बटण करणारे असे बरेच हात त्यावर फिरतात. शेवटचा हात मात्र बायकांचा. शिवून आलेल्या शर्टाला कॉलरपासून खालच्या पट्टीपर्यंत धागे लोंबत असतात. ते एकेक करून तोडायचे, शर्ट झटकायचा, घडी घालायची, पुढचा घ्यायचा. पैसे डझनावर. नीलम नगर, सुनील नगर, विणकर वसाहत, तिकडं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत घराघरांत दुपारभर हे काम चालतं. माझी आईही कित्येक वर्षं हेच करते.

या कामाचं हत्यार म्हणजे कटर. वाकवलेल्या पोलादी पट्टीचा, बोटभर लांबीचा, टोकाला दोन पाती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं यांच्या चिमटीत धरून दाबायचा, सोडला की आपोआप उघडतो. बाजारात स्वस्त मिळतो आणि सगळ्यांना सारखाच मिळतो. गेल्या सीझनला आईच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. आधी तेल लावून झालं, गरम पाण्याचा शेक झाला. मग डबा उघडता येईना, कणीक तिंबता येईना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, असं त्यांनी एक्स-रेवर दाखवलं. चिमटीत थोडा जोर लावला तरी या सांध्यावर त्याच्या कितीतरी पट भार येतो. पट्टा वापरा, गोळ्या घ्या, आणि चिमटीचं काम बंद करा किंवा मुठीनं करा, असं त्यांनी सांगितलं.

मुठीनं चालणारा कटर मी सगळीकडं शोधला. शिलाईचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारलं, ऑनलाइन पाहिलं. मोठ्या कात्र्या मिळत होत्या, झाडं छाटायच्या मिळत होत्या. शर्टाच्या बाहीवरचा अर्ध्या इंचाचा धागा तोडायला मुठीत बसणारं काही नव्हतं. दुकानदारांचं म्हणणंही खोटं नव्हतं: मागणी नाही, म्हणून माल नाही. अंगठा दुखणाऱ्या बायका या शहरात खूप आहेत, पण त्या दुकानात जाऊन कंपनीला असा कटर काढायला सांगा असं म्हणत नाहीत. त्या काम सोडतात, नाहीतर दुखणं सोसत राहतात.

मी एका युनिफॉर्मच्या कारखान्यात पॅटर्न करते. कॉम्प्युटरवर एका मापाचा शर्ट आखायचा आणि त्यावरून बाकीची मापं काढायची, याला ग्रेडिंग म्हणतात. माझ्या धंद्यात माप आधी ठरतं, पोर नंतर त्यात बसतं. आईबाप वाढत्या मापाचा घेतात आणि दोन वर्षं बाह्या दुमडून घालायला लावतात. हे सगळं मी रोज बघते, म्हणूनच उलट्या बाजूनं सुरुवात करायचा विचार माझ्या डोक्यात पक्का बसला: आधी हात, मग वस्तू.

थ्रीडी प्रिंटर मी पहिल्यांदा भाच्याच्या शाळेत पाहिला. निती आयोगाच्या योजनेतून २०१६पासून शाळांना ज्या अटल टिंकरिंग लॅब मिळायला लागल्या, तसली तिथं होती. पोरं किल्लीला लावायची नावं छापत होती. मी मात्र त्या मशीनकडं वेगळ्याच नजरेनं बघत होते. प्लास्टिकची पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार रिळावरून आत जाते, दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या बारीक तोंडातून पातळ होऊन बाहेर येते आणि थरावर थर चढत वस्तू उभी राहते. साचा लागत नाही. फाइल बदलली की वस्तू बदलते. माझ्या कामाशी याची नाळ लगेच जुळली, कारण पॅटर्नमध्येही मी फाइलच बदलत असते.

हप्त्यावर एक मशीन घेतलं आणि वरच्या खोलीत ठेवलं. ते माझ्यासारखीला परवडलं यामागं मोठी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ही पद्धत अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांची. लेकीसाठी खेळण्यातला बेडूक करायला त्यांनी ग्लू गन हातात घेतली आणि त्यातून हा विचार निघाला, असं सांगतात. त्यांनी १९८९मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढं वीस वर्षं ही मशीन मोठ्या कंपन्यांच्या संशोधन विभागांतच राहिली, किंमतही तशीच. दरम्यान २००५मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप नावाचं काम हाती घेतलं: स्वतःचेच बरेच भाग छापू शकेल असा प्रिंटर, आणि त्याचे आराखडे सगळ्यांना खुले. २००९मध्ये क्रम्प यांच्या पेटंटची मुदत संपली आणि मशीनच्या किमती घसरत गेल्या. म्हणजे नीलम नगरातल्या माझ्या खोलीपर्यंत हे यंत्र पोचलं, ते कुणीतरी आपले आराखडे कुलपात ठेवले नाहीत म्हणून. मला याचं फार मोल वाटतं.

मशीन आलं. आता आईला विचारायचं, कसा हवा कटर.

"कसाही चालतोय की. तू कशाला एवढा ताप करून घेतीस."

हे उत्तर येणार हे ठाऊक होतं. आयुष्यभर समोर येईल ती वस्तू वापरलेल्या बाईला, ही कशी असायला हवी, असं कुणी कधी विचारलेलं नसतं. मग मी गणपतीतून उरलेली शाडूची माती भिजवली, तिचा एक जाडसर लोळा केला आणि म्हटलं, तुला दुखणार नाही अशा बेतानं धर आणि धागा तोडल्यासारखं दाब. आईनं लोळा मुठीत घेतला. चार-पाचदा दाबला. हात उघडला तेव्हा मातीत तिची मूठ उमटली होती, आणि ती बघत मी बराच वेळ बसले. करंगळी आणि अनामिकेचे ठसे सगळ्यांत खोल होते. मधल्या बोटाचा ठसा बेताचा. अंगठ्याची नुसती पुसट खूण, तीही आडवी; जोर द्यायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. तर्जनीचा ठसा तर खाली नव्हताच, तो वरच्या बाजूला सरळ पुढं गेला होता. आई तर्जनीनं पात्याला दिशा दाखवते. धागा नेमका कुठं तोडायचा ते हे बोट ठरवतं आणि बाकीची तीन बोटं दाबतात. हे तिनं मला कधीच सांगितलं नसतं, कारण तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

तिथंच कटरचं रूप ठरलं. तळहातात बसणारा खालचा भाग, तीन बोटांनी ओढायची वरची दांडी, तर्जनीला मोकळी जागा, आणि बाजारातलाच कटर पुढच्या खाचेत घट्ट बसवलेला. पातं घरी छापता येत नाही आणि छापायचा प्रयत्नही करू नये. पोलादाचं काम पोलादाचंच. दांडी लांब असली की कमी जोर पुरतो, हे तरफेचं गणित शाळेत सगळेच शिकतो. सुकलेला लोळा मी व्हर्नियर कॅलिपरनं मोजला. शाडू सुकताना आकसते, म्हणून ओली असतानाची मापंही लिहून ठेवली होती. फ्रीकॅड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात मापांचा तक्ता करता येतो: पंज्याची रुंदी, बोटांच्या जाडीचे आकडे, मूठ मिटल्यावर आतली पोकळी. तक्त्यातला आकडा बदलला की आकार आपोआप बदलतो. माझ्या ग्रेडिंगचीच ही बहीण.

छापण्यातलं थोडं सांगते, कारण सुरुवात करणाऱ्याला हे कुणी धड सांगत नाही. थर ज्या दिशेनं चढतात, त्या दिशेनं वस्तू कच्ची असते. दांडी उभी छापली तर दाबताच थरांच्या जोडावर कडकन मोडते. आडवी निजवून छापली की तीच दांडी कितीतरी जास्त टिकते. भोकं आखल्यापेक्षा लहान येतात, म्हणून तीन मिलिमीटरच्या स्क्रूला थोडी जास्त जागा ठेवायची. खाचेत कटर बसायला दोन्ही बाजूंना पाव-अर्धा मिलिमीटर मोकळं लागतं. प्लास्टिकचं बिजागर टिकत नाही, तिथं सरळ हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू आणि नट लावायचा. मध्येच वीज गेली तर माझं मशीन थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू होतं खरं, पण तेवढ्यात खालचा थर गार झालेला असतो आणि तो जोड कच्चा राहतो. उन्हाळ्यात वीज जातेच. इन्व्हर्टरला जोडल्यावर तो प्रश्न मिटला. मशीन चालू असताना खिडकी उघडी ठेवायची आणि लेकरांना लांब ठेवायचं, त्या तोंडाचा चटका फार वाईट.

आणि सोलापूरचं ऊन. सुरुवातीला सगळे वापरतात ती पीएलए नावाची तार. मक्यासारख्या पिकांपासून होते, छापायला सोपी, वास कमी. पण साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडते. मे महिन्यात आमच्याकडं पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, आणि पत्र्यावर, गाडीच्या डिकीत, खिडकीच्या उन्हात त्याहून कितीतरी जास्त तापतं. पीएलएचा एक नमुना दुपारभर पत्र्याच्या छपरावर ठेवून बघितला. संध्याकाळी दांडी धनुष्य झालेली. मग पीईटीजी घेतली, पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या जातीतली. ती ऐंशी अंशांपर्यंत दम धरते. युरोपातल्या लोकांनी लिहिलेले सल्ले वाचताना त्यांच्या खोलीचं तापमान काय असेल हे आधी विचारायला हवं.

आईनं पहिला नमुना हातात घेतला आणि म्हणाली, "छान झालाय." मी काही बोलले नाही. शेजारी चटईवर बसले आणि ती काम करताना नुसतं बघत राहिले. ग्राहकाला विचारून उत्तर मिळतं, पण आपल्या माणसाकडून बहुतेक वेळा माया मिळते, माहिती मिळत नाही. माहिती हातांत असते. आई शर्ट उचलताना कटर खाली ठेवायची, धागा दिसला की परत घ्यायची, घडी घालताना पुन्हा खाली. जुना कटर ती कधीच खाली ठेवत नसे. चिमटीतून निसटवून करंगळीत अडकवायची आणि त्याच हातानं घडी घालायची. डझनावर पैसे असणाऱ्या कामात खाली ठेवणं-उचलणं परवडत नाही. आता दुखत नव्हतं, पण डझन कमी भरत होते.

म्हणजे हात उघडला तरी हत्यार हातालाच राहायला हवं. मी टीपीयूची, म्हणजे लवचिक प्लास्टिकची पट्टी छापली. ती मनगटाला घाम आणायची. यावर तोडगा काढला कोपऱ्यावरच्या अक्कांनी. त्या आमच्याकडं कामाचा गठ्ठा घेऊन येतात, आईशी तेलुगू-मराठी मिसळून गप्पा मारतात. त्यांनी ते सगळं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "हे प्लास्टिक कशाला? आपल्याकडं इलॅस्टिकला काय तोटा?" हाफ पँटच्या कमरेत घालायचं इलॅस्टिक, त्याचे तुकडे कारखान्यात पोत्यानं पडलेले असतात. अक्कांनी वीतभर तुकडा घेतला, दोन्ही टोकं दांडीच्या मागच्या भोकांतून ओवली, आतून गाठी मारल्या. हाताच्या पाठीवर इलॅस्टिक, तळव्यात कटर. हात उघडा, घडी घाला, मूठ मिटा, धागा तोडा. मी आखलेल्या पट्टीपेक्षा हे सगळ्याच बाजूंनी सरस होतं: घाम शोषतं, धुता येतं, सैल झालं की बदलता येतं आणि फुकट आहे. फाइलमध्ये मी फक्त भोकांच्या कडा गोल केल्या, इलॅस्टिक कापलं जाऊ नये म्हणून.

इथं मला एरिक फॉन हिप्पल यांची आठवण होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या या प्राध्यापकांनी १९७०च्या दशकात वैज्ञानिक उपकरणांचा अभ्यास केला. महत्त्वाच्या सुधारणा कुठून येतात ते बघता, बहुतेक सुधारणा ती उपकरणं वापरणाऱ्यांनीच आधी करून पाहिलेल्या निघाल्या. कारखान्यांनी त्या नंतर उचलल्या. आमच्या शहराला हे नवं वाटायचं कारण नाही. सोलापूरच्या पॉवरलूमवर ज्यानं रात्रपाळी केलीय त्याला विचारा. धोटा अडकू नये म्हणून कुठं चामड्याचा तुकडा ठोकलाय, कुठं तार वाकवून लावलीय, हे जॉबरलाच, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यालाच, ठाऊक असतं. चादर आणि टॉवेलनं या गावाचं नाव झालं, भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माग चालता ठेवणाऱ्यांनी मागात काय काय बदललं, त्याची नोंद कुणी केली नाही. त्यांची अक्कल त्यांच्याबरोबर निवृत्त झाली. मला याची खंत आहे, म्हणूनच अक्कांचं इलॅस्टिक मी फाइलसोबतच्या माहितीत त्यांचं काम म्हणूनच लिहिलंय.

मग गल्लीतल्या बाकीच्या बायका यायला लागल्या. प्रत्येकीनं काहीतरी नवीन सांगितलं, आणि आता विचारावं लागत नव्हतं, कारण समोर आकार घेतलेली वस्तू होती. कोऱ्या कागदाला कुणी नावं ठेवत नाही. हातातल्या वस्तूला लगेच ठेवतात, आणि तेच हवं असतं. एक मावशी डावखुऱ्या. आयुष्यभर उजव्या हाताची कात्री वापरून त्यांच्या तर्जनीला घट्टा पडलेला. फाइल आरशासारखी उलटी करणं हे एका क्लिकचं काम, कटर मात्र खाचेत उलटा बसवावा लागला. मूठ मिटून त्या काही बोलल्या नाहीत, गठ्ठा ओढून घेतला आणि कामाला लागल्या. दुसऱ्या एकीला रंग हवा होता: नेव्ही ब्लू पँटच्या ढिगात काळी वस्तू हरवते आणि शोधण्यात वेळ जातो, केशरी द्या. तिसरीला वरच्या रेघा नको होत्या. पकड यावी म्हणून मी दांडीवर बारीक रेघा दिल्या होत्या, त्यात दिवसभराचं तूस भरून घट्ट बसायचं. रेघा काढून टाकल्या आणि पकडीसाठी बायकांनीच शर्टाच्या कापडाची पट्टी गुंडाळली. मळली की सोडायची, धुवायची, दुसरी गुंडाळायची. कॉलरचं टोक आतून बाहेर ढकलायला मागच्या बाजूला बोथट चोच हवी, हे एका वहिनींनी सांगितलं. आत्तापर्यंत त्या पेनचं टोपण वापरत होत्या.

न्यूयॉर्कमधल्या सॅम फार्बर यांची हकीकत याच्या फार जवळची. बायको बेट्सी यांचे हात संधिवातानं दुखायचे, बटाट्याची सालं काढायचं हत्यार धरवत नसे. त्यातून जाड, मऊ मुठीची हत्यारं तयार झाली आणि १९९०मध्ये ओक्सो या नावानं बाजारात आली. दुखऱ्या हातासाठी केलेली मूठ धडधाकट हातांनाही आवडली, म्हणून ती जगभर खपली. पण फार्बर यांना भांड्याकुंड्यांच्या धंद्याचा दांडगा अनुभव होता, डिझाइनचं ऑफिस गाठता आलं, कारखाना उभा करता आला. बेट्सी यांच्यासारखे हात सोलापुरात गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्या मागं धंदेवाला नवरा नाही. घरच्या घरी वस्तू करण्याचं जे आश्वासन आहे, ते मला या जागी खरं वाटतं.

बाकीच्या आश्वासनांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. २०१३च्या सुमारास जगभर असा गाजावाजा होता की घरोघरी प्रिंटर येतील आणि लोक दुकानात जायचं सोडतील. ओबामांनी त्या वर्षी अमेरिकी काँग्रेससमोरच्या भाषणातही या तंत्राचा उल्लेख केला होता. तसं झालं नाही आणि व्हायची गरजही नाही. कटरची एक मूठ छापायला माझ्या मशीनला काही तास लागतात. साच्यात प्लास्टिक ओतून तीच वस्तू मिनिटाच्या आत निघते. बादली, डबा, कंगवा घरी छापण्यात अर्थ नाही. शिवाय प्रत्येक घरात मशीन आलं तर प्रत्येक घराला तार कुठली, थर केवढा, तोंड कसं साफ करायचं हे शिकत बसावं लागेल. मला वाटतं, हे मशीन पिठाच्या गिरणीसारखं हवं. जातं घरातून गेलं, पण धान्य आपलंच राहिलं, आणि बारीक दळायचं की जाड हे सांगायचा हक्कही आपलाच राहिला. गल्लीत एक मशीन, ते चालवणारं एक माणूस, आणि माप घेऊन येणारी बाई.

महाराष्ट्रात अशी वाट आधीच पडलेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, हातानं काम करत शिकायचं या विचारानं. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे कुणालाही येऊन वस्तू घडवता येईल अशा कार्यशाळेची, कल्पना मांडली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२मध्ये याच पाबळला आली. खेड्यातल्या माणसानं स्वतःच्या अडचणीवरचं हत्यार स्वतः करावं, यासाठी. सोलापुरात शाळांमध्ये मशीन आहेत, सुट्टीत ती झाकून ठेवलेली असतात. संध्याकाळी दोन तास ती खोली वस्तीला उघडी ठेवली तर केवढं काम होईल, हे मी शाळेच्या लोकांना भेटून सांगत असते आणि सांगत राहणार आहे.

आईचं सांगायचं तर तिचं दुखणं गेलेलं नाही. झिजलेला सांधा कटर बदलून भरून येत नाही, आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा तिला रात्री बांधावाच लागतो. पण संध्याकाळी भाकरी थापताना ती हात झटकत थांबत नाही, आणि डझन पूर्वीइतके भरतात. एका मुठीला जेमतेम तीस ग्रॅम तार लागते. किलोचं रीळ साधारण हजार रुपयांना मिळतं, म्हणजे तीसेक रुपयांची तार, वर स्क्रू आणि बाजारातला कटर. माझ्या वेळेचे पैसे यात धरलेले नाहीत. ते धरायला हवेत, नाहीतर उद्या हे काम दुसरं कुणी उचलणार नाही.

हे काम पुढं कुणी आणि कसं करायचं, हाच मुद्दा सध्या पेटलाय. शिलाईचं सामान विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं मूठ पाहिली आणि हजारांनी काढू म्हणाला. "एकच साईज पक्की कर, बाकी माझ्यावर सोड." त्याचं गणित मला कळतं. साचा करायचा म्हणजे लाखांची गोष्ट. एकदा पोलादात आकार कोरला की त्याचा खर्च भरून काढायला तोच आकार हजारांनी विकावा लागतो. मग डावखुऱ्या मावशी गेल्या, करंगळीवर जोर देणारी आई गेली, चोच मागणाऱ्या वहिनी गेल्या. पुन्हा सगळ्यांना सारखाच कटर, फक्त थोडा मोठा.

मी एकटीनं उत्तर द्यायचं नव्हतं, कारण वस्तू एकटीची नव्हती. आमच्या अंगणात बायका बसल्या. आईनं आधी काही मत दिलं नाही. मग तिनं मूठ घेतली, स्क्रू काढला, दोन तुकडे वेगळे केले आणि म्हणाली, "हा पुढचा तुकडा तर सगळ्यांचा सारखाच हाय की. हा त्याला करू दे. मागचा आपण आपला करू." बरोबर होतं. कटर बसायची खाच, स्क्रूची जागा, दांडीचा पुढचा भाग, यात कुणाच्या हाताचा संबंध येत नाही. तळव्यात बसणारा मागचा तुकडा तेवढा ज्याचा त्याचा. पुढचा तुकडा साच्यातून निघाला तर स्वस्त आणि मजबूत होईल, माझ्या मशीनचा वेळही निम्मा होईल. अक्कांनी अट घातली की मागच्या तुकड्याची फाइल खुली राहील आणि जोडाचं माप व्यापाऱ्यानं परस्पर बदलायचं नाही, नाहीतर आमचे तुकडे त्याच्या मालात बसणार नाहीत. मोजमापाचा कागद मराठीत झालाय. शहराच्या पूर्व भागातल्या बायकांसाठी तेलुगूत अक्का सांगतायत आणि त्यांची सून लिहून काढतेय. मूठ कशी मोजायची, शाडू किती ओली हवी, डावा की उजवा, सगळं त्यात आहे.

व्यापाऱ्याला जोडाची अट मान्य आहे. साच्याचा खर्च कुणी उचलायचा, यावर बोलणं अडलंय: तो म्हणतो निम्मा तुम्ही द्या, बायका म्हणतात कारखानदारांनी द्यावा, कारण वेळेवर निघालेला माल त्यांचा असतो. माझ्याच कारखान्याच्या मालकांपुढं पुढच्या आठवड्यात हे मांडायचंय. दिवाळीनंतर गठ्ठे उतरायला लागतील, त्याच्या आत हे सुटायला हवं.